विश्लेषण : सौर पंप चालतो, पण पाणी चढत नाही, ‘प्रेशर’ नेमके अडते कुठे?

शेतात पॅनेल उभे राहिले, कंट्रोलरचा दिवा लागला, मोटर घुमू लागली. पण ठिबकच्या शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोहोचत नाही. स्प्रिंकलर फिरण्याऐवजी नुसता गळतो. सौर कृषिपंप मिळालेल्या अनेक शेतकऱ्यांची ही तक्रार एकाच शब्दात ऐकू येते : ‘प्रेशर नाही.’ पंप बसवणारी एजन्सी म्हणते, पंपात दोष नाही. शेतकरी म्हणतो, शेजाऱ्याची विजेवरची पाचची मोटर याच चढावर पाणी फेकते. पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. असे कसे होते, आणि बिघाड खरोखर कधी असतो, हे समजून घेतले तर तक्रार नेमकी करता येते. नवीन पंपासाठी अर्ज केलेल्यांना तर ही अडचण आधीच टाळता येते.

पंप किती एचपीचा, हे कशावर ठरते?

केंद्राची ‘पीएम-कुसुम’ योजना २०१९ मध्ये आली. राज्याच्या जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘मागेल त्याला सौर ऊर्जा पंप’ योजनेतून साडेआठ लाख शेतकऱ्यांना पंप देण्याची घोषणा झाली. अंमलबजावणी महावितरणकडे आहे. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची आणि बाकी अनुदान. पंप बसवणारी एजन्सी शेतकरी स्वतः निवडतो. पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी एजन्सीची असते.

पंपाची क्षमता मात्र जमिनीवर ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि पाच एकरांच्या वर साडेसात एचपी. कमी क्षमतेचा पंप मागता येतो, जास्तीचा नाही. सरकारच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. सातबारा पाहिला की निर्णय होतो, वाद होत नाही. अडचण एवढीच की सातबाऱ्यावर क्षेत्र दिसते, चढ दिसत नाही. नदीकाठच्या सपाट तीन एकरांना आणि डोंगरउतारावरच्या तीन एकरांना या नियमाने पंप पाचचाच मिळतो.

योजनेची आणखी एक अट इथे महत्त्वाची ठरते. ज्यांच्याकडे पारंपरिक वीजजोडणी नाही, त्यांच्यासाठीच हा पंप आहे. त्यामुळे सौर पंपाने पाणी चढवले नाही तर ‘तोवर विजेची मोटर चालवू’ असा दुसरा मार्ग या शेतकऱ्याकडे नसतो.

पण पाच एचपी म्हणजे पाच एचपीच ना?

ताकद तीच, पण ती खर्च कशावर करायची हे पंपाच्या रचनेवर ठरते. मोटेच्या काळातल्या माणसाला हे सांगावे लागले नसते. तीच बैलजोडी उथळ विहिरीवर मोठी मोट ओढायची, खोल विहिरीवर मोट लहान करावी लागायची. पंपाचेही तसेच आहे. ठरावीक ताकदीत एक तर जास्त पाणी कमी उंचीवर न्या, नाही तर कमी पाणी जास्त उंचीवर.

पाणबुडी पंपात एकावर एक बसवलेले फिरते पंखे असतात. त्यांना इम्पेलर म्हणतात आणि अशा प्रत्येक थराला स्टेज. स्टेज जास्त असतील तर पाणी उंच जाते, पण कमी निघते. म्हणून पाटीवर ‘५ एचपी’ लिहिलेले दोन पंप शेतात अगदी वेगळे वागू शकतात. पंप निवडताना एचपीइतकाच ‘हेड’चा, म्हणजे किती मीटर उंचीवर पाणी फेकण्यासाठी तो बनवला आहे याचा आकडा महत्त्वाचा असतो.

पीएम-कुसुम आली तेव्हा केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने काढलेल्या तांत्रिक निकषांत हा फरक स्पष्ट दिसतो. ४,८०० वॅट पॅनेलच्या, डीसी मोटर असलेल्या ५ एचपी पंपाने भरपूर उन्हाच्या दिवशी ३० मीटर हेडला १ लाख ६८ हजार लिटर पाणी द्यावे, ५० मीटरला १ लाख ८०० लिटर आणि ७० मीटरला ६७ हजार २०० लिटर, असे हे निकष सांगतात. एचपी तेच आणि पॅनेलही तेवढेच, तरी पाणी निम्म्याहून कमी. प्रत्येक प्रकाराला एक शेवटची मर्यादाही आहे. ३० मीटरच्या पंपासाठी निदान ४५ मीटर, ५० मीटरच्या पंपासाठी ७० मीटर. पंप आपल्या मर्यादेच्या उंचीला पोहोचला की मोटर फिरते, आवाज येतो, पण पाणी थेंबभरही पुढे सरकत नाही.

आणि ‘भरपूर उन्हाचा दिवस’ म्हणजे? निकषात पॅनेलवर दिवसभरात प्रति चौरस मीटर ७.१५ युनिट ऊन पडते असे धरले आहे. महाराष्ट्रात वर्षभराची सरासरी यापेक्षा कमी असते, पावसाळ्यात तर बरीच कमी. कागदावरचे लिटर रोज मिळतील असे समजणेच चुकीचे आहे.

मोकळ्या पाइपला धो धो पाणी, ठिबकला जोडले की गायब. का?

हा अनुभव जवळपास प्रत्येक गावात कुणाला तरी आलेला असतो, आणि ‘पंपात काही नाही’ या एजन्सीच्या उत्तराचे मूळही त्यातच असते. पंप बसवणारा माणूस पाइपाचे तोंड उघडे ठेवून चाचणी दाखवतो. पाणी जोरात पडते, फोटो निघतो, सही होते. आठवड्याने शेतकरी ठिबक जोडतो आणि पाणी मरते.

एक उदाहरण घेऊ. विहिरीतले पाणी काठापासून ४० फूट खाली आहे, म्हणजे साधारण १२ मीटर. शेताचा वरचा कोपरा विहिरीच्या काठापेक्षा ५० फूट उंच, म्हणजे १५ मीटर. नुसते पाणी वर नेऊन सोडायचे तरी हे २७ मीटर झाले. ठिबकच्या ड्रिपरला साधारण एक किलो प्रेशर लागते. एक किलो म्हणजे १० मीटर पाण्याचा दाब. फिल्टर, खताचा व्हेंचुरी, आतले पाइप हे सगळे आपापला वाटा घेतात, म्हणून ठिबकसाठी एकूण १८ मीटर धरू. बेरीज ४५ मीटर होते. पाइपातली घसट अजून धरलेलीच नाही.

या शेतकऱ्याला ३० मीटर हेडचा पंप बसवला असेल तर ४५ मीटर ही त्याची शेवटची मर्यादा. उघड्या पाइपातून तो छान पाणी काढेल, कारण तिथे फक्त २७ मीटर आणि थोडी घसट आहे. ठिबकला जोडताच तो मर्यादेवर येतो. पंप खरेच नादुरुस्त नाही. तो या शेतासाठी चुकीचा आहे, आणि ही चूक पाहणीच्या दिवशी झालेली आहे.

स्प्रिंकलर असेल तर गणित आणखी अवघड होते. त्याला दोन ते अडीच किलो, म्हणजे २० ते २५ मीटर नोझलपाशीच लागतात.

पाइप बारीक असला तर किती फरक पडतो?

बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा खूप जास्त. पाइप निवडताना वाचवलेले पैसे पुढे रोज पाण्याच्या रूपाने जातात.

वरच्याच शेतात विहिरीपासून ३०० मीटर पाइप आहे आणि ताशी १५ हजार लिटर पाणी न्यायचे आहे असे समजू. ६३ मिलिमीटरचा, म्हणजे बोलीतला दोन इंची पाइप असेल तर घसटीत १२ ते १४ मीटर हेड जाते. म्हणजे सव्वा किलोपेक्षा जास्त प्रेशर पाइपानेच खाल्ले. तोच पाइप ७५ मिलिमीटरचा, अडीच इंची केला तर नुकसान पाच मीटरच्या आसपास येते. ९० मिलिमीटरचा, तीन इंची केला तर दोन मीटर. व्यास निम्मा झाला तर घसट दुप्पट-चौपट होत नाही, जवळपास तीस पट होते.

बेरीज पुन्हा करू. ४५ मीटरमध्ये दोन इंची पाइपाचे १३ मिळवले की ५८ होतात. अडीच इंचीचे पाच मिळवले की ५०. पंप ५० मीटर हेडचा असेल तर दुसऱ्या बेरजेत तो आरामात चालतो, पहिल्या बेरजेत धापा टाकतो. जुन्या विहिरीवर आधीपासून पुरलेला दोन इंची पाइप तसाच ठेवून नवा सौर पंप त्याला जोडणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. विजेच्या मोटरवर तो पाइप खपून गेला होता, कारण तिला दिवसभर पूर्ण ताकद मिळत होती. (शेजाऱ्याच्या मोटरच्या पाटीवरचे पाच आत खरेच पाच आहेत का, रिवाइंडिंग करताना तिचे साडेसात तर झाले नाहीत ना, हाही एक प्रश्न असतोच.)

सकाळी नऊला मोटर फिरते, मग पाणी का येत नाही?

अर्धे ऊन असेल तर अर्धे पाणी यायला हवे, असा साधा अंदाज असतो. पंप तसा वागत नाही.

ऊन कमी असले की कंट्रोलर मोटरचा वेग कमी करतो, नाहीतर ती बंद पडेल. पाण्याचे प्रमाण वेगाच्या पटीत घटते, पण उंची वेगाच्या वर्गाच्या पटीत घटते. वेग निम्मा झाला तर पाणी फेकण्याची उंची पाव होते. ढोबळ हिशेबाने, पॅनेलची ताकद निम्मी झाली की मोटरचा वेग ८० टक्क्यांच्या आसपास येतो आणि उंची ६३ टक्क्यांवर. ज्या पंपाची शेवटची मर्यादा दुपारी ७० मीटर आहे, त्याची त्या वेळी साधारण ४४ मीटर होते. शेताला लागतात ५०. म्हणून मोटर फिरते, पाणी पाइपात अर्ध्यावर येऊन थांबते आणि साडेदहा-अकरा वाजता अचानक सुरू होते. ढग आला की पुन्हा तेच.

यावरून एक गोष्ट कळते. ज्याचा पंप गरजेपेक्षा जास्त मर्यादेचा आहे, त्याला सकाळ-संध्याकाळही पाणी मिळते. ज्याचा पंप काठावर आहे, त्याचा दिवस दुपारचे तीन-चार तासच असतो. दोघांच्या पंपाची पाटी सारखीच असू शकते.

दुपारीही पॅनेलवर छापलेले वॅट पूर्ण मिळत नाहीत. ते आकडे २५ अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात पॅनेलची काच ६० अंशांपर्यंत तापते, तेव्हा ताकद दहा टक्क्यांहून जास्त घटते. त्यात धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि सावली. सावलीचा मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. पॅनेल एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. बांधावरच्या बाभळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या साखळीची ताकद खाली येते. पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुवावेत. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये.

मग खरा बिघाड कसा ओळखायचा?

दोन चाचण्या पुरतात. त्यासाठी दोनशे लिटरचे एक बॅरल, मोबाइलमधले घड्याळ आणि एक प्रेशर गेज लागतो. गेज ठिबकच्या दुकानात मिळतो. चाचणी स्वच्छ ऊन असताना, साडेअकरा ते दोनच्या दरम्यान करावी. सकाळी केलेल्या चाचणीवरून काहीच सिद्ध होत नाही.

पहिली चाचणी पाण्याची. बॅरल पंपाजवळ भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, मग पाइपाच्या शेवटच्या टोकाला. ४८ सेकंदांत भरले तर ताशी १५ हजार लिटर. ७२ सेकंद लागले तर १० हजार. पंपाजवळ भरपूर आणि टोकाला कमी असेल तर पंपाला दोष देऊ नये. पाइप बारीक आहे, कुठे फुटला आहे, नाहीतर एखादा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे. पुरलेल्या पाइपाची गळती पाण्याने दिसली नाही तरी तिथले गवत बाकीच्यापेक्षा हिरवे दिसते.

दुसरी चाचणी प्रेशरची. पंपाच्या तोंडाजवळ, व्हॉल्व्हच्या अलीकडे गेज बसवून व्हॉल्व्ह दहा-पंधरा सेकंद पूर्ण बंद करायचा आणि काटा कुठे जातो ते पाहायचे. जास्त वेळ बंद ठेवू नये, आतले पाणी तापते. गेजवरच्या प्रत्येक किलोचे दहा मीटर धरायचे आणि त्यात पाणी जमिनीपासून जितके खाली आहे ते मीटर मिळवायचे. बेरीज पंपाच्या शेवटच्या मर्यादेच्या आसपास यायला हवी. मर्यादा ७० मीटर, पाणी २० मीटर खाली, तर गेजवर पाच किलोच्या जवळचा आकडा.

हा आकडा बरोबर आला आणि तरी पिकाला पाणी कमी पडत असेल, तर दोष पंपाच्या पुढे आहे : पाइप, फिल्टर, नाहीतर पंपाची निवड. आकडा बराच कमी आला, तर दोष पंपात किंवा पॅनेलमध्ये आहे आणि एजन्सीला तो नाकारता येणार नाही.

आकडा कमी येण्याचे सर्वात सोपे आणि सर्वात दुर्लक्षित कारण म्हणजे मोटर उलटी फिरणे. तीन वायरींच्या मोटरमध्ये दोन वायरी अदलाबदल झाल्या की ती उलट्या दिशेने फिरते. आवाज येतो, थोडे पाणीही येते, म्हणून संशय येत नाही. पाणबुडी पंप तर दिसतही नाही. पहिल्या दिवसापासूनच पाणी कमी असेल तर ही शंका आधी घ्यावी. दुरुस्ती दोन वायरी बदलण्याएवढीच असते, पण ती एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यावी. पॅनेलकडून येणाऱ्या वायरींत काहीशे व्होल्टचा डीसी दाब असतो. स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत तो तिथे राहतो. गावातल्या वायरमनला विजेच्या मोटरची सवय असते, याची नसते. शिवाय सील उघडले तर हमीचा वाद निर्माण होतो.

पाणी आधी चांगले होते आणि हळूहळू कमी झाले असेल, तर वाळूने इम्पेलर झिजले असण्याची शक्यता मोठी. नव्या बोअरमध्ये वाळू जास्त येते. बोअरमध्ये पाणी पडल्याचा आवाज येत असेल तर मोटरवरचा उभा पाइप कुठेतरी गळतो आहे. पाणी एका दिवसात कमी झाले असेल तर आधी फिल्टर पाहावा. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमध्ये अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक असेल तर तो धुवायला आला आहे.

उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी आहे का?

हो, कारण तेव्हा पंप तोच राहतो आणि विहीर बदलते. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी ओढून घेतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब सैद्धांतिक हिशेबाने १० मीटरच्या थोडे वर पाणी चढवू शकतो, व्यवहारात सहा-सात मीटर. एप्रिलमध्ये पाणी त्याखाली गेले की पंप हवा घेऊ लागतो, आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि पाणी तुटते. मोठी मोटर लावून हे सुटत नाही. पंप खाली उतरवावा लागतो, नाहीतर पाणबुडी घ्यावी लागते. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला किंवा ओढणाऱ्या पाइपाच्या सांध्यातून हवा शिरली तरी लक्षणे हीच असतात. त्यामुळे आधी ते पाहावे.

बोअरमध्ये वेगळे घडते. पहिली पंधरा मिनिटे पाणी जोरात, मग हवेचे फटके, मग कंट्रोलर ‘ड्राय रन’ दाखवून बंद. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. बोअरला झरे जेवढे पाणी देतात त्यापेक्षा पंप जास्त उपसतो. इथे व्हॉल्व्ह थोडा बंद करून पाणी कमी करणे हाच उपाय. तासाला कमी मिळते, पण दिवसभर मिळते.

पंप बदलून मिळणार नसेल तर काय करता येते?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ठिबकचे तुकडे करणे. पाच फुटी सरीतल्या उसाचा एक एकर घेऊ. दर ४० सेंटीमीटरवर ताशी चार लिटरचा ड्रिपर असेल तर एकरात साधारण पावणेसात हजार ड्रिपर बसतात आणि त्यांना तासाला २७ हजार लिटर पाणी लागते. ५० मीटर हेडचा ५ एचपी सौर पंप भर दुपारी १५ हजारांच्या आसपास देतो. म्हणजे एक एकर एकदम चालवायला गेले तर प्रेशर येणारच नाही. पंप नवा असो की जुना. व्हॉल्व्ह लावून अर्ध्या एकराचे भाग केले आणि पाळीपाळीने चालवले तर तोच पंप पुरतो. पाणी कमी वाहिले की पाइपातली घसटही झपाट्याने कमी होते. पाणी निम्मे केले तर घसट पाव हिश्श्यापर्यंत येते. पुढच्या वेळी ताशी दोन लिटरचे ड्रिपर घेतले तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट क्षेत्र भिजते.

दुसरा उपाय मुख्य पाइप जाड करण्याचा. त्याला खर्च आहे, पण वरच्या उदाहरणात त्याने आठ मीटर हेड परत मिळवून दिले. तिसरा, शेतात उंच जागा असेल तर तिथे टाकीत किंवा शेततळ्यात दिवसभर येईल तेवढे पाणी साठवायचे. टाकी पिकापेक्षा दहा-पंधरा मीटर वर असेल तर ठिबक उताराच्या दाबावर चालते. उंची तेवढी नसेल तर दुसरा पंप लागतो, मग हिशेब जमत नाही.

विजेवरचा पंप असलेल्यांची तक्रार याच शब्दात येते, पण कारण बहुधा वेगळे असते. राज्यातल्या साडेसात एचपीपर्यंतच्या अशा सुमारे ४४ लाख कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ आहे. तिथे फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडते, मोटरचा जोर कमी होतो आणि ती जास्त करंट ओढून तापते. जळते तीही अशीच. त्यावर उपाय पाइपात नाही, रोहित्रावर आहे.

अर्ज केलेल्यांनी आणि तक्रार करणाऱ्यांनी काय पाहावे?

अर्ज मंजूर झाल्यावर आणि एजन्सी निवडल्यावर जागेची संयुक्त पाहणी होते. शेतकऱ्याच्या हातात खरी सत्ता असते ती या एकाच दिवशी. पाणी उन्हाळ्यात किती खाली जाते, शेताचा सर्वात उंच कोपरा किती वर आहे, पाइप किती लांब आणि किती जाड आहे, पिकाला ठिबक आहे की स्प्रिंकलर, ही चार उत्तरे त्या अहवालात लिहून घ्यायला सांगावीत. चढ मोजायला मोठे यंत्र लागत नाही, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीनेही टप्प्याटप्प्याने मोजता येतो. मोबाइल ॲपमधल्या उंचीवर मात्र विसंबू नये, त्यात काही मीटरची चूक सहज होते आणि इथे काही मीटरचाच प्रश्न आहे. बोअर खोल असेल किंवा शेत चढावर असेल तर ‘एचपी पाच चालेल, पण हेड जास्तीचे द्या’ अशी मागणी करता येते. पाणी कमी निघेल, हे मान्य करून.

चाचणीच्या दिवशी उघड्या पाइपावर सही करू नये. ठिबक जोडून, शेवटच्या ओळीत पाणी पाहून मग करावी.

पंप आधीच बसला असेल तर महावितरणकडे तक्रार नोंदवताना ‘प्रेशर नाही’ एवढेच लिहून भागत नाही. तारीख, वेळ, आकाश स्वच्छ होते की नाही, बॅरल किती सेकंदांत भरले, व्हॉल्व्ह बंद केल्यावर गेजवर किती किलो दिसले, पंपाच्या पाटीवर किती हेड छापले आहे, हे लिहावे आणि पाटीचा फोटो जोडावा. महावितरणचे टोल फ्री क्रमांक १८००-२३३-३४३५ आणि १८००-२१२-३४३५ असे आहेत. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. योजनेतल्या पंपांना दूरस्थ देखरेखीचे यंत्र बसवणे बंधनकारक आहे. पंप किती वेळ चालला आणि किती ताकदीने, याची नोंद त्यातून एजन्सीकडे जाते. ‘त्या दिवशी पंप व्यवस्थित चालला’ असे उत्तर आले तर त्या दिवसाची ती नोंद लेखी मागावी आणि आपल्या बॅरलच्या आकड्याशेजारी ठेवावी.